‘हू’ची मराठी वाटचाल : अरबी संलग्न सर्वनाम आणि दफ्तरी गद्य

मराठीवरील फारसी-अरबी प्रभावाची चर्चा प्रामुख्याने शब्दसंग्रहाच्या अंगाने झाली आहे. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या प्रस्तावनांतून जुन्या पत्रांतील फारसी अंशाचा विचार केला. मा. त्रि. पटवर्धन यांच्या ‘फारसी-मराठी कोशा’ने (१९२५) व्युत्पत्तींना शिस्त आणली. मौलवी अब्दुल हक यांनी मराठीवरील फारसीच्या प्रभावावर उर्दूत स्वतंत्र ग्रंथ लिहिला (१९३३). या अभ्यासांतून शब्दांबरोबर वाक्प्रचारांकडेही लक्ष गेले, हे खरे. तथापि प्रभावाचे माप काढताना एकक म्हणून शब्दच घेतला गेला. परका शब्द आला की प्रभाव वाढला आणि तो गेला की प्रभाव ओसरला, असे गणित त्यातून रूढ झाले. शब्दाच्या पोटात दडलेले व्याकरण या गणितात येत नाही.

‘वगैरे’, ‘सदरहू’, ‘मशारनिल्हे’ आणि ‘दामदौलतहू’ हे चार शब्द या दृष्टीने तपासण्याजोगे आहेत. पहिला आजही प्रत्येक मराठी भाषकाच्या तोंडी आहे. दुसरा पंचनाम्यांतून आणि खरेदीखतांतून जिवंत आहे. तिसरा पेशवे दफ्तराबरोबर इतिहासजमा झाला, तर चौथा त्याहीपूर्वी मागे पडला. अर्थाने आणि वापराने इतक्या भिन्न असलेल्या या चारही शब्दांच्या शेवटी मुळात एकच घटक आहे : अरबी भाषेतील तृतीय पुरुषी, एकवचनी, पुल्लिंगी संलग्न सर्वनाम ‘हू’. त्याचे मराठीत पुढे काय झाले हे पाहिले असता प्रभावाच्या प्रचलित मोजमापाची मर्यादा स्पष्ट होते.

१

अरबी व्याकरणपरंपरेत सर्वनामाला ‘जमीर’ म्हणतात. नाव उघड न घेता दडवून ठेवलेले, असा त्या धातूचा आशय आहे. सर्वनामांचे दोन वर्ग मानले जातात : स्वतंत्र उभे राहणारे ‘मुन्फसिल’ आणि दुसऱ्या शब्दाला चिकटून येणारे ‘मुत्तसिल’. दुसऱ्या वर्गातील रूपे नामाला जोडली की स्वामित्व दाखवतात, क्रियापदाला जोडली की कर्म होतात आणि शब्दयोगी अव्ययाला जोडली की त्याचा विषय होतात. ‘किताबु-हू’ म्हणजे त्याचे पुस्तक, ‘जरबतु-हू’ म्हणजे मी त्याला मारले, ‘इलै-हि’ म्हणजे त्याच्याकडे. ‘इलै’मधील ‘य’कारानंतर ‘हू’चे ‘हि’ होते. सर्वनाम तेच, केवळ स्वर बदलतो. स्त्रीलिंगी ‘हा’, अनेकवचनी पुल्लिंगी ‘हुम’, द्विवचनी ‘हुमा’, द्वितीय पुरुषी ‘क’ आणि ‘कि’ अशी ही व्यवस्था लिंग, वचन आणि पुरुष यांबाबत अत्यंत काटेकोर आहे.

बोलभाषांनी ही व्यवस्था टिकवली, परंतु तिचे कोपरे झिजवले. कैरोत ‘त्याचे पुस्तक’ म्हणताना ‘ह’ गळून ‘किताबु’ उरते. दमास्कसला ‘क्ताबो’ ऐकू येते. ग्रांथिक ‘किताबु-क’ (तुझे पुस्तक, पुरुषाला उद्देशून) आणि ‘किताबु-कि’ (स्त्रीला उद्देशून) यांचा भेद कैरोत ‘किताब-अक’ आणि ‘किताब-इक’ असा स्वराच्या जागेत सरकला. आखाती बोलींत स्त्रीसाठी ‘इच’ असे रूप आढळते. माल्टीजमध्ये हा लिंगभेद उरलाच नाही, ‘क्तिएब-एक’ दोघांनाही चालते. द्विवचन बोलींतून गेले. स्वामित्व दाखवण्यासाठी कैरोत ‘बिताअ’, मोरोक्कोत ‘द्याल’ असे स्वतंत्र शब्द आले, तरी सर्वनाम मोकळे झाले नाही, ते आता त्या शब्दाला चिकटले : ‘बिताई’, ‘द्याली’. आईबाप आणि शरीराचे अवयव यांच्या नामांना मात्र ते अजूनही थेट जोडले जाते. कैरोत नकार दाखवताना क्रियापद, कर्ता, कर्म आणि नकार हे सारे एकाच शब्दात गुंफले जातात : ‘मा-कल्त-हा-श’, म्हणजे मी ती (वस्तू) खाल्ली नाही.

यातून दोन गोष्टी लक्षात येतात. बोलणाऱ्याच्या तोंडी हे सर्वनाम सतत झिजत असले तरी निष्क्रिय होत नाही. उलट ‘अस्सलामु अलैकुम’सारख्या ठराविक शब्दबंधात ते अरबांच्या तोंडीही गोठते. समोर एकच व्यक्ती असली तरी ‘कुम’ हे अनेकवचनच येते. मराठीत ‘मौलाना’ हा शब्द एका व्यक्तीसाठी वापरताना त्यातील ‘ना’ म्हणजे ‘आमचा’ हे कुणाला जाणवत नाही, हा त्याच प्रक्रियेचा पुढचा टप्पा होय. गोठणे हे केवळ परक्या भाषेत गेल्यामुळे घडत नाही, ठराविक साच्यातील वापरामुळेही घडते.

२

मराठीत हे सर्वनाम कोणत्या वाटेने आले, याचे उत्तर शब्दांच्या रूपांतच आहे. ‘मशारनिल्हे’चे मूळ ‘मुशारुन इलैहि’ असे आहे : ज्याच्याकडे निर्देश केला गेला तो, म्हणजे उपरिनिर्दिष्ट. मराठी रूपातील ‘न’ हा अरबी नामाच्या शेवटी येणारा ‘तन्वीन’ आहे. बोलभाषांतून तन्वीन सर्वसाधारणपणे नाहीसा झाला आहे. ‘दामदौलतहू’मधील ‘हू’चा हकारही शाबूत आहे, कैरोत वा दमास्कसला तो गळला असता. तेव्हा ही रूपे बंदरांत उतरणाऱ्या व्यापाऱ्यांकडून किंवा मराठी सत्तांच्या फौजांतील अरब शिपायांकडून ऐकून उचललेली नाहीत. ती ग्रांथिक अरबीतून फारसी दफ्तरात आणि फारसी दफ्तरातून मोडी कागदावर आली. फारसीला स्वतःची ‘अम’, ‘अत’, ‘अश’ अशी संलग्न सर्वनामे असूनही तिच्या लेखकांनी अरबी सूत्रे जशीच्या तशी ठेवली होती. मराठीला ‘हू’ मिळाले ते अशा प्रकारे आधीच अर्धे गोठलेले.

हे संक्रमण ज्या ठिकाणी विशेष दाट होते त्यांपैकी एक म्हणजे सतराव्या शतकातील बंगळूर. १६३८ मध्ये आदिलशाही फौजेने हे शहर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीचे केंद्र झाले. जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त (संपा. राजवाडे, १९२२) शहाजीराजांच्या दरबारातील बहुभाषिक काव्यव्यवहाराचे चित्र आढळते. शहाजीराजांनंतर (१६६४) हा प्रांत व्यंकोजीराजांकडे राहिला. आजच्या बंगळूरच्या मल्लेश्वरम भागातील काडु मल्लेश्वर मंदिराशी व्यंकोजींचे नाव निगडित आहे. १६६९ सालच्या शिलालेखात त्यांनी मल्लपुरच्या देवाला मेदारनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याची नोंद आहे. मल्लेश्वरमची आखीव वस्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची, पण तिच्या नावामागचे हे मल्लपुर त्याहून दोन शतकांनी जुने आहे.

दानलेख आणि दफ्तर यांच्या गरजा मुळातच वेगळ्या असतात. दगडावर दात्याचे, देवाचे आणि गावाचे नाव एकदा कोरले की काम भागते. कागदी व्यवहारात मात्र तीच व्यक्ती, तेच गाव, तीच रक्कम पुन:पुन्हा सांगावी लागते आणि दर वेळी ‘तीच ती’ आहे याची निश्चिती करावी लागते. ‘मजकूर’, ‘सदरहू’, ‘मशारनिल्हे’ ही सारी या निश्चितीची साधने होत. इनामाचा तंटा उभा राहिला तर कागदातील ‘तो’ नेमका कोण, यावर निवाडा अवलंबून असे. मराठीचे साधे ‘तो’ किंवा ‘ते’ या कामाला अपुरे वाटले, कारण ते जवळच्या कोणत्याही नामाकडे वळू शकते. ‘मशारनिल्हे’ मात्र आधी नाव घेतलेल्या व्यक्तीकडेच बोट दाखवते. म्हणजे हा उसना शब्द सजावटीसाठी आला नव्हता. त्याने मराठी गद्यातील एक निकड भागवली होती.

३

‘दामदौलतहू’ हा या चौघांपैकी सर्वांत कमी झिजलेला शब्द. शहाजीराजे आणि शिवाजीराजे यांच्या आज्ञापत्रांच्या मायन्यात ‘अजरख्तखाने’ या फारसी शब्दाने आरंभ होतो, त्यामागून राजांचे नाव येते आणि नावाला लागून ‘दामदौलतहू’ येते. छापील संहितांमध्ये तो बहुधा किताबासारखा वाचला जातो. वस्तुतः ते एक पूर्ण वाक्य आहे : ‘दाम’ (टिको), ‘दौलतु’ (दौलत), ‘हू’ (त्याची). ही प्रार्थना आहे आणि ती करणारा लेखक आहे, राजा नव्हे. पत्र राजाचे असले तरी राजा त्यात ‘मी’ म्हणून उभा राहत नाही; त्याच्याविषयी तृतीय पुरुषात बोलले जाते. ‘हू’ हे सर्वनाम राजाला बोलणाऱ्याच्या जागेवरून हलवून ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याच्या जागी नेते. लेखक आणि स्वामी यांच्यातील हे अंतर आज्ञापत्राच्या भाषेचा पाया आहे. शब्दाला किताब मानल्यास हे अंतर दिसेनासे होते आणि अनुवादात तर ते पूर्णपणे हरवते.

पुढील काळातील मराठी पत्रांत ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री’ हा मायना सर्वत्र आढळतो. शब्दगणनेच्या दृष्टीने पाहिले तर एक अरबी सूत्र गेले आणि एक संस्कृत सूत्र आले, इतकेच दिसते. आणि ते भाषिक स्वातंत्र्याचे लक्षण म्हणून सांगितले जाते. दोन्ही सूत्रे शेजारी ठेवली तर वेगळे चित्र उभे राहते. ‘दौलत’ आणि ‘लक्ष्मी’, ‘टिको’ आणि ‘अखंडित’ : आशय जवळजवळ तोच आहे. एक सूत्र दुसऱ्याचे थेट भाषांतर आहे असा दावा करण्याची गरज नाही, शुभचिंतनाचा मूळ विषय एकच राहिला एवढे पुरेसे आहे. बदलले ते व्याकरण. अरबी सूत्रात क्रियापद आहे, सर्वनाम आहे आणि इच्छा आहे. संस्कृत सूत्रात क्रियापद नाही, सर्वनाम नाही. एक समास आहे आणि तो नावाचे विशेषण झाला आहे. ‘त्याची दौलत टिको’ या वाक्यात दौलत जाण्याची शक्यता गृहीत धरलेली आहे. ‘अखंडित लक्ष्मीने अलंकृत’ या समासात ती सिद्ध मानलेली आहे. प्रार्थनेचे विशेषणात रूपांतर झाले. शिवाय हे विशेषण प्रामुख्याने पत्र ज्याला लिहायचे त्याच्या नावाआधी येते. लेखक आणि स्वामी यांच्यातील अंतराऐवजी पाठवणारा आणि घेणारा यांच्यातील शिष्टाचार हा मायन्याचा विषय झाला.

म्हणजे जेथे खंड आहे असे मानले गेले तेथे आशयाचे सातत्य आहे. खरा खंड व्याकरणात आहे, तेथे मात्र लक्ष गेले नाही.

‘राज्यव्यवहारकोशा’कडेही या प्रकाशात पाहता येते. राज्याभिषेकानंतर (१६७४) सिद्ध झालेल्या या कोशाशी रघुनाथपंत हणमंते यांचे नाव परंपरेने जोडले जाते. हणमंते घराणे शहाजीराजांच्या कर्नाटकातील कारभारात मुरलेले होते आणि रघुनाथपंतही व्यंकोजीराजांच्या सेवेतून शिवाजीराजांकडे आले होते. बंगळूरच्या फारसीमिश्रित दफ्तराची आतून ओळख असलेल्या व्यक्तीकडे पर्याय शोधण्याचे काम यावे, यात औचित्य आहे. पण अमरकोशाच्या धर्तीवर रचलेल्या, वर्गावर्गांत विभागलेल्या पद्यकोशाला आपल्या रचनेचीच एक मर्यादा असते. कोश नामांना प्रतिनामे देतो. अधिकारी, शस्त्रे, दुर्ग, पण्य वस्तू यांची नावे बदलता येतात. शब्दाच्या शेवटी चिकटलेल्या ‘हू’ला प्रतिशब्द देता येत नाही, कारण तो शब्द नव्हे. ‘मशारनिल्हे’ पेशवाईच्या अखेरपर्यंत निर्वेधपणे वापरात राहिला, याचे एक कारण येथे असू शकते. तो वस्तूचे नाव नव्हता, वाक्ये जोडणारी खूण होता.

४

‘हू’ टिकले असले तरी सर्वनाम म्हणून टिकले का? यासाठी एक साधी कसोटी लावता येते : ज्याच्याकडे निर्देश आहे त्याच्या लिंगवचनाप्रमाणे हे रूप बदलते का? अरबी व्याकरणानुसार स्त्रीविषयी ‘इलैहा’ आणि अनेकांविषयी ‘इलैहिम’ हवे. मराठी लेखक ‘मशारनिल्हे’ हे रूप कायम ठेवून त्याला मराठी प्रत्यय लावतो : ‘मशारनिल्हेस’, ‘मशारनिल्हे यांनी’. आतले अरबी सर्वनाम मुके झाले आणि संपूर्ण शब्दच मराठीचे नवे सर्वनाम झाला. त्याचा ‘हे’कारान्त शेवट आदरार्थी ‘हे’शी जुळणारा असल्याने तो मराठी कानाला परका वाटला नसावा.

‘सदरहू’ची स्थिती आणखी पुढची आहे. ‘सद्र’ म्हणजे छाती, अग्रभाग, वरचा भाग; त्याला ‘हू’ जोडून ‘वर आलेला’ असा दफ्तरी अर्थ झाला. ‘सदरहू इसम’, ‘सदरहू जमीन’, ‘सदरहू घर’ : तिन्ही लिंगांत रूप तेच. ‘हू’ जिवंत असते तर येथे बदल अपेक्षित होता. मराठीने त्याला आपल्या ऊकारान्त अविकारी विशेषणांच्या पंक्तीत बसवले. ‘कडू’ जसे कारल्याला, भाजीला आणि औषधाला सारखेच लागते तसे. सर्वांत बोलका पुरावा म्हणजे ‘सदर’ हे आखूड रूप. ‘सदर अर्ज’ आणि ‘सदरहू अर्ज’ यांत अर्थाचा काहीही फरक नाही. जो घटक काढून टाकल्याने अर्थ बदलत नाही त्याचे व्याकरणिक कार्य संपलेले असते.

‘वगैरे’त तर ‘हू’ ओळखूही येत नाही. ‘व’ (आणि), ‘गैर’ (अन्य), ‘हि’ (त्याचे) : आणि त्याहून अन्य. फारसी उच्चारातच शेवटचा हकार मावळला होता. मराठीत उरला तो नुसता ‘ए’कार. कन्नडनेही ‘वगैरे’ स्वीकारला, तोही याच रूपात. भाषाशुद्धीच्या चळवळीने त्याला ‘इत्यादी’ हा पर्याय दिला, ‘सदरहू’ला ‘उपर्युक्त’ आणि ‘मशारनिल्हे’ला ‘उपरिनिर्दिष्ट’. या पर्यायांत एक समान सूत्र आहे : प्रत्येक ठिकाणी अरबी सर्वनामाची जागा संस्कृत संधी-समासाने घेतली. निर्देश करण्याचे काम सर्वनामाकडून काढून ‘इति’, ‘उपरि’ अशा अव्ययांकडे दिले गेले. पर्यायांची ही पद्धत ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत’मध्ये दिसते तीच आहे.

५

मराठीने परके संलग्न सर्वनाम निष्क्रिय करून घेतले, याचा अर्थ तिला असा घटक अपरिचित होता असा नव्हे. ‘तू पोळी खाल्लीस’ या वाक्यातील क्रियापद पाहावे. ‘खाल्ली’ हे रूप कर्माच्या लिंगाप्रमाणे आहे आणि शेवटचा ‘स’ कर्त्याचा पुरुष सांगतो. कोकणातील बोलींत ही व्यवस्था तृतीय पुरुषापर्यंत जाते : ‘त्याने आंबा खाल्लान्’, ‘तिने पोळी खाल्लीन्’. ग्रांथिक अरबीत याच अर्थी ‘अकल्-त-हा’ होईल : खाणे, तू, ती. मराठीत ‘खाल्-ली-स’ : खाणे, ती, तू. दोन्ही भाषा एकाच शब्दात कर्ता आणि कर्म या दोघांची खूण ठेवतात, क्रम मात्र उलट आहे. अरबीत सर्वांत बाहेरची जागा कर्माची, मराठीत कर्त्याची. जॉर्ज ग्रियर्सन यांनी अशा प्रत्ययांना भारतीय आर्यभाषांच्या वर्गीकरणात महत्त्व दिले होते आणि सुनीतिकुमार चटर्जी यांनी त्या वर्गीकरणाला १९२६ मध्ये विरोध केला. वर्गीकरणाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी मराठी क्रियापदाची ही क्षमता नाकारता येत नाही. सिंधीत तर ती मराठीहून पुष्कळच विस्तारलेली आहे. तेथे ‘खेस’ म्हणजे ‘त्याला’ असे शब्दयोगी अव्ययालाही सर्वनाम चिकटते.

बंगळूरच्या परिसरात या दोन पद्धतींच्या जोडीला तिसरी होती. कन्नड ‘माडिदनु’, ‘माडिदळु’, ‘माडिदरु’ (त्याने, तिने, त्यांनी केले) यांचे अन्त्य अंश ‘अवनु’, ‘अवळु’, ‘अवरु’ या सर्वनामांशी उघडपणे जुळतात. मराठी आणि कन्नड यांच्या क्रियापदात कर्त्याची खूण आधीपासून होती. दोहोंनाही नामाला चिकटणारे स्वामित्वदर्शक सर्वनाम मात्र नव्हते. ‘त्याची दौलत’ म्हणताना ‘त्याची’ आधी आणि स्वतंत्र. नेमके तेच कार्य घेऊन ‘हू’ आले. ज्या जागी मराठीत रिकामा सांधा नव्हता त्या जागी ते आले, म्हणून ते सांध्यासह गोठले.

प्रभावाच्या अभ्यासाला यातून काही दिशा मिळू शकते. परका शब्द आला की गेला, यापेक्षा तो आत घेताना भाषेने त्याचा कोणता अवयव चालू ठेवला आणि कोणता बंद केला, हा प्रश्न अधिक फलदायी आहे. संहितासंपादनालाही त्याचा उपयोग आहे. ‘दामदौलतहू’ला शब्दार्थसूचीत किताब म्हणून न नोंदवता प्रार्थनावाक्य म्हणून नोंदवले आणि ‘मशारनिल्हे’ दर वेळी कोणत्या नामाकडे वळतो हे टिपांत दाखवले, तर शेकडो पत्रांतील बोलणारा, ज्याच्याविषयी बोलायचे तो आणि ज्याच्याशी बोलायचे तो यांचे संबंध नव्याने वाचता येतील. मराठी दफ्तरी गद्य रुक्ष, परभाषेने दबलेले आणि वाङ्मयीन विचाराच्या बाहेरचे मानण्याची सवय आहे. व्यक्तीचे नाव एकदा घेऊन पुढे दहा कलमांपर्यंत तिचा माग न सोडण्याची शिस्त मराठी गद्याला याच कागदांनी लावली. त्या शिस्तीचा मोठा भार एका हलत्या सर्वनामाने, स्वतःचे हलणे थांबवून, उचलला होता.